नथ्थूभाऊला न दिसलेला शनी

मित्रांनो, मी या टेकडीवरच्या जुन्या वेधशाळेची दुर्बीण आहे आणि मला आता दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आल्या आल्या तुम्ही डोळा लावाल, ‘छे, काहीच दिसत नाही’ म्हणाल आणि माझ्या पितळेवर खिळ्याने नाव कोरून चालते व्हाल. तसे पुष्कळ येऊन गेले. तुम्ही जरा बसा.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या एका कारागिराने दोन भिंगे घासून घासून अशी केली, की ती एकमेकांना अगदी खेटून बसली. तोच माझा मोठा डोळा. मग बोटीने, आगगाडीने मी ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर उतरले आणि तिथून धानाच्या तणसात गुंडाळून बैलबंडीतून इथे आले. विलायतेची लेक झाडीपट्टीत नांदायला आली म्हणा ना! इथले जमीनदार, म्हणजे मालगुजार, गुणवंतराव हौशी माणूस. त्यांनी माझ्यासाठी ही गोल खोली बांधली, वर सरकते छप्पर केले. पण मला डोळा लावायचे ते फक्त त्यांचे पाहुणे आणि शिकारीला आलेले साहेब. गावातली माणसे टेकडीखालून नुसती बघत. त्यांना वाटे, वर मालगुजारांची तोफ आहे. मला याचा फार राग येई. तोफ काय, तोफ!

पुढे मालगुजारी गेली. गुणवंतराव नागपूरला राहायला गेले आणि मी शाळेच्या ताब्यात आले. शाळेचे भैयाजी गुरुजी पहिल्याच दिवशी दाराचे कुलूप काढून म्हणाले, “आभाळाचा पट्टा काही कोणाच्या नावाने नाही. यायचं त्यानं यावं.” शनिवारी गावचा बाजार भरे. बाजार उठला की माणसे पाठीवर गाठोडी घेऊनच टेकडी चढू लागली. धानवाले, मासेवाले, कुरखेड्याकडून चारोळी विकायला आलेली जंगलातली माणसे, सगळी एका रांगेत. म्हाताऱ्या बुधरीने चंद्र पाहिला आणि ओरडली, “अगा माय! याच्या तोंडावर तर देवीचे वण हायेत!” त्यावर अख्खी टेकडी हसली. मी पितळेची असून मला गुदगुल्या झाल्या. खरे सांगते, माझ्या आयुष्यात तेवढे सुख मी विलायतेतही पाहिले नव्हते.

एकाच गोष्टीला लोक भीत. गुरुजी म्हणाले, “आज शनी दाखवतो,” की रांग मागे सरायची. शनिवारी शनीच्या डोळ्याला डोळा कोण लावणार? गुरुजींनी हळूहळू एकेकाची भीती घालवली. ज्यांनी पाहिले ते खाली जाऊन सांगू लागले, “अरे, त्याले कडं हाय. लेकरावानी कडं घालून बसला हाय. गजब देखना!”

हे बोलणे नथ्थूभाऊच्या कानावर गेले.

नथ्थू गावातल्या ढिवरांपैकी, म्हणजे कोळ्यांपैकी. तलावात मासे धरायचा. आदल्या पावसाळ्यात तलावाची पाळ फुटली, मासळी वाहून गेली, डोंगा फुटला. हिवाळ्यात त्याच्या पोटात पाणी झाले आणि हा गडी बाजेला लागला. बाजारातल्या पोथीवाल्याने त्याच्या बायकोला, सुगंधाबाईला सांगितले, “साडेसाती आहे. शनी कोपला आहे.” झाले! दुखण्याने निम्मा झालेला माणूस या एका वाक्याने पार खचला. अशी वाक्ये बोलणाऱ्यांच्या जिभेला हाड नसते, दुसरे काय?

गुरुजी त्याला बघायला गेले, तेव्हा नथ्थू म्हणाला, “गुरुजी, मले एक डाव शनी दाखवा. म्या कोनाचं काई वाईट केलं नाई. त्याच्या तोंडावर इचारतो, माह्यावर काऊन कोपला म्हनून. मंग मेलो तरी चालते.”

गुरुजी टेकडीवर आले आणि माझ्याजवळ बसून राहिले. एकटे असले की ते माझ्याशी बोलत. म्हणाले, “बाई, देव कोपत नाही हे सांगून त्याला पटणार नाही. पण ते कडं त्यानं एकदा पाहिलं ना, की त्याची भीती जाईल. जाताना तरी निवांत जाईल. एवढं कर माझ्यासाठी.” मी मनात म्हटले, गुरुजी, एवढेच ना? यासाठीच तर कारागिराने मला घासले.

तो वैशाखातला शनिवार. पंचावन्न साल. ऊन तापलेले, गाव सगळे बाजारात. दुपारी सुगंधाबाई एकटी टेकडी चढून आली. पदराखाली वाटी होती. तिने चपला बाहेर काढल्या, दाराला हात लावून कपाळाला लावला आणि माझ्यासमोर उभी राहिली. मित्रांनो, तिची चूक काय होती, तुम्हीच सांगा. शनीला तेल वाहतात, हे तिने लहानपणापासून पाहिलेले. तिच्या गावात शनीचे देऊळ नाही. शनी येतो तो या काचेतून, हे तिने दहा जणांकडून ऐकलेले. आणि आज तिचा आजारी नवरा त्या कोपलेल्या देवासमोर रिकाम्या हाताने जाणार होता.

तिने माझ्या तोंडावरचे झाकण काढले. “बाबा शनिदेवा,” ती म्हणाली, “आज ते येऊन राह्यले. त्याईच्यावर डोळे वटारजो नको. शांत होजो.” आणि घरात होते नव्हते तेवढे जवसाचे तेल तिने माझ्या मोठ्या डोळ्यावर घातले. नुसते घातले नाही, लेकराला माखावे तसे तळहाताने चोळून चोळून लावले. तेल कडेने आत उतरले. दोन भिंगांच्या मधे शिरले. मी ओरडत होते, बाई, नको! पण आम्हा वस्तूंचे ओरडणे कोणाला ऐकू येते? तिने झाकण जपून परत बसवले आणि पाया पडून गेली.

दिवेलागणीनंतर ढिवरांनी नथ्थूला बाजेसकट खांद्यावर वर आणले. सुगंधाबाईच्या बोटाला धरून तिची धाकटी गोकुळाही होती. शनी पूर्वेला छान वर आला होता. गुरुजींनी झाकण काढले, मला वळवले, स्वतः डोळा लावला आणि थबकले. पुन्हा लावला. धोतराच्या सोग्याने त्यांनी माझी काच पुसली, तेव्हा जवसाचा वास आला. तोच वास सुगंधाबाईच्या हातांना येत होता. गुरुजींनी तिच्याकडे पाहिले. तिचा चेहरा केवढा आशेचा होता!

नथ्थूने कोपरावर उठून डोळा लावला. किती तरी वेळ लावून बसला.

“गुरुजी, नुसता पिवळा धूर हाय.”

“ढग आला असेल, नथ्थूभाऊ. थांब जरा.”

नथ्थूने मान वळवून उघड्या छपरातून वर पाहिले. “ढग कुठी हाय? सप्पा तारे तर दिसून राह्यले.”

“हे बघ, तो तिथे, पिवळसर. नुसत्या डोळ्याने बघ.”

“तसा तर तो रोजच दिसते जी. मले जवळून पाह्याचं होतं.” तो हळूच बाजेवर आडवा झाला. “राहू द्या, गुरुजी. त्यानं तोंड फिरवलं. मले पाह्यचंच नाई त्याले.”

ढिवरांनी बाज उचलली. सुगंधाबाई पदराने डोळे पुसत मागून गेली. पाऊस पडायच्या आत नथ्थूभाऊ गेला. शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून होता म्हणे.

गुरुजींनी मला साफ करायची खूप खटपट केली. पण जवसाचे तेल वाळले की रोगणासारखे घट्ट बसते. भिंगे सुटेनात. त्यासाठी दूरचा कारागीर हवा होता, तो कधी आला नाही. टेकडीवरची रांग संपली. गुरुजींची बदली एटापल्लीला झाली.

रांग संपली, पण सुगंधाबाईचे येणे संपले नाही. ती अजून दर शनिवारी येते. वाटीत थोडेसे तेल आणते आणि माझ्या डोळ्यावर घालते. म्हणते, “त्याईच्यावर रागावला तो रागावला. माह्या गोकुळावर नको रागावजो, बाबा.”

बदलीवर जाण्याआधी गुरुजींनी एकदा तिला असे करताना दारातून पाहिले. नुसते उंबऱ्यावर बसून राहिले. माझ्या मेल्या काचेपेक्षा त्यांचे ते बसणे मला जास्त दुखले.

तर मित्रांनो, माझी पितळ घासली नाहीत तरी चालेल. नावे कोरू नका, एवढे मात्र ऐका. आणि एक काम करा. येत्या शनिवारी ती येईल, तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी इथे थांबा. तिचा हात धरा आणि सांगा, बाई, शनी रागावला नव्हता. त्यावर ती विचारील, “मंग त्याईले काऊन नाई दिसला?” तेव्हा तिला काय सांगायचे, ते मला अजून सुचलेले नाही.