दुरून पाहिलेली कविता

आमचे संपादक कविता आधी वाचत नाहीत, बघतात. आलेली पानं टाचणीनं भिंतीवर लावायची, स्वतः दाराशी जाऊन उभं राहायचं आणि डोळे बारीक करायचे. "हे पान उभं राहतं," असं म्हणाले की ते टेबलावर, नाहीतर परतीच्या पाकिटात. मासिकाची पानं मी अकरा वर्षं जुळवते आहे. ती नजर मला पाठ आहे.

माझ्या धाकट्या भावाची कविता तीनदा परत आली. "बाई, हे काय, मुंग्या पांगल्यासारखे शब्द," संपादक म्हणाले. त्याचं आडनाव माझ्या माहेरचं, त्यामुळे नातं त्यांना कळलं नाही.

भावाच्या नाकात ऑक्सिजनची नळी असते. दम पुरेल तेवढे शब्द लिहितो, मग जागा सोडतो. डॉक्टरांनी नुकतंच मला बाजूला घेऊन तीन आठवडे सांगितले होते. त्याला एकदा आपली कविता छापलेली बघायची होती, बाकी काही नाही.

चौथ्या खेपेला मी पाप केलं. सकाळचा जप आटोपून, एकही शब्द न बदलता, त्याची कविता चार-चार ओळींच्या कडव्यांत बसवली. दोन्हीकडे भरपूर कोरी जागा सोडली.

"वा. ही उभी राहते," संपादक दारातून म्हणाले.

प्रूफ घरी नेलं. भावानं उशीला टेकून मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिली ओळ संपायच्या आतच त्याला धाप लागली. पुन्हा घेतलं, पुन्हा अडला.

"ताई, ही कुणाची गं?"

"तुझीच. शब्द मोजून बघ."

"शब्द माझे असतील. छाती कुणा पैलवानाची दिसते." हसायला गेला आणि खोकत राहिला. "माझी होती तशी छाप, नाहीतर काढून टाक."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता पानं छापखान्यात जायची होती. मी दोन्ही कागद संपादकांपुढे ठेवले, सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. जुना कागद त्यांनी परत भिंतीवर लावला, दाराशी गेले.

"वाचावंसंच वाटत नाही हो, बाई."

"जवळून एकदा वाचा ना, सर. आजवर मी काही मागितलं नाही."

आले. दोन ओळी वाचल्या आणि घड्याळाकडे पाहिलं. "नीट बसवलेली आहे तीच राहू द्या. आजारी माणसाला आपलं नाव दिसलं म्हणजे झालं."

साडेअकराला मी कॉम्प्युटरपुढे बसले. कवितेखाली त्याचं नाव इतकं छान दिसत होतं. देवाला म्हटलं, तूच माझा हात चालव. त्यानं चालवला नाही, मलाच चालवावा लागला. कविता काढली आणि त्या जागी टेबलावरची दुसरी, कुणाची तरी नीटनेटकी कविता बसवली. तंतोतंत मावली.

मग घरी फोन केला.

"काढलीस?"

"काढली."

"बरं केलंस." नळीतून दम घेतला. "पुढच्या अंकाला पाठव. तोवर मी आणखी थोडे शब्द कमी करतो."

पुढच्या अंकाला पाच आठवडे होते.

"पाठवते," मी म्हटलं.