चंदनाच्या वासाचं तीर्थ

सकाळी सहालाच जाखाईच्या देवळामागं रांग लागलेली असायची. कॅन, कळशा, बाटल्या. एका बाईच्या हातात तर चक्क बाळाची दुधाची बाटली. देवळाच्या चौथऱ्याखालून, जिथं आजवर थेंब दिसला नव्हता, तिथून पाणी येत होतं. दिसायला नितळ आणि वासाला चंदन. सातच्या सुमाराला पाण्याला जोर यायचा, वर पांढरा फेस धरायचा, आणि तिथं तीर्थ वाटणारा मच्छिंद्रबाबा दोन्ही हात वर करून गर्जायचा, "बघा! आईला पान्हा फुटला! प्या लेकरांनो, प्या! डॉक्टरला लांबनं रामराम करा आन् आईचं पाय धरा!"

दुपारी एकनंतर पाणी आटायचं. आई विश्रांती घेते, असं बाबा सांगायचा. मी मनात म्हटलं, देवी अस्सल पुण्याची दिसते, एक ते चार बंद.

मी कुसुम आगाशे. सदाशिव पेठेतल्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर पुण्याबाहेर मांजरी गावाच्या पुढं खडकमळ्यात, टेकाडावरच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. खडकमळा नुकताच महापालिकेत आला होता. म्हणजे कर महापालिकेचा आला होता, पाणी यायचं होतं. खालच्या गावठाणात तीन दिवसांनी टँकर, तोही आला तर. अशा गावात देवळाखाली झरा लागला तर लोक वेडे होणारच, त्यांना हसण्यात अर्थ नाही. त्यात निवडणूक तोंडावर. जो उमेदवार प्रचाराला निघायचा तो आधी झऱ्याशी नारळ फोडायचा.

गावठाणातल्या सोजरबाई माझ्याकडे झाडलोट आणि न्हाणीघर, संडास धुवायचं काम करत. एका मंगळवारी त्या केरसुणी हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

"बाई, शकूचं डोळं पिवळं दिसाय लागल्यात."

शकू त्यांची सून. सातवा महिना. मी चहा तसाच टाकून त्यांच्याबरोबर खाली उतरले. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, डोळे हळदीसारखे, पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या! गरोदरपणातली कावीळ जीव घेते, सोजरबाई."

"बाबानं अकरा दिस तीर्थ सांगितलंय. सा दिस झालं. मधीच औषध दिलं तर आई कोपंल म्हणत्यात."

शकूचा नवरा बजरंग मार्केट यार्डात हमाली करायचा. तो दारातच उभा होता. "बाई, आमच्या आळीत धा पोरांना कावीळ हाय. समदी तीर्थावरच हायेत."

"अरे बाबा, तीर्थावर आहेत म्हणूनच कावीळ आहे!"

त्यानं मान फिरवली. कोनाड्यात तीर्थाची लोटी होती, ती मी उचलून नाकाशी नेली. तो वास मी रोज सकाळी घेत होते. माझ्याच न्हाणीघरात, माझ्याच साबणाचा.

सांगायला लाज वाटते, पण सांगते. आमच्या सोसायटीत मैलापाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. ते वीज फार खातं म्हणून वर्षभरापूर्वी आम्ही सभासदांनीच ठराव करून बंद पाडलं. हात वर करणाऱ्यांत मीही होते. मग ते पाणी जातं कुठं, हे विचारायचं मला सुचलं नाही. आणि म्हणे रसायनाच्या बाई!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापड रंगवायचा रंग बादलीभर पाण्यात कालवला, संडासात ओतला, वरून तीन बादल्या पाणी लोटलं आणि झऱ्यापाशी जाऊन बसले. घरात सापडला तो लाल रंग. तिथंच मी माती खाल्ली. पाऊण तासानं पाणी लालेलाल आलं, आणि मी तोंड उघडायच्या आत मच्छिंद्रबाबा जमिनीवर आडवा झाला.

"कुंकू! आईनं कुंकू दिलं रं! सवाष्णींनो, वटी पसरा!"

बायका पदर पसरून धावल्या. मी घसा फुटेस्तोवर ओरडले, "अहो, तो रंग मी ओतलाय! माझ्या संडासात ओतलाय!" कोण ऐकतंय! एका म्हातारीनं मला खाली बसवलं. बजरंग मात्र जवळ आला आणि थंडपणे म्हणाला, "बाई, वतला हुता तर आदी का न्हाय सांगितलं? झाल्यावर समदेच म्हणत्यात, म्या केलं."

तीस वर्षं मुलांना शिकवलं की प्रयोगाआधी अपेक्षित निष्कर्ष लिहून ठेवा, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरले. संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावांतून टेम्पो भरून माणसं आली. शकूचं तीर्थ दिवसातून दोनदा होतं, ते चारदा झालं. मी रोज जाऊन हात जोडत होते, रिक्षा दारात उभी करत होते, आणि सोजरबाई रोज रडत नाही म्हणत होत्या.

रविवारी नागरिक मंचानं दोन्ही मोठ्या उमेदवारांची सभा ठेवली होती, विषय 'आपल्या प्रभागाचे प्रश्न'. गर्दी आयती मिळते म्हणून सकाळी आठला, देवळाच्याच आवारात. प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे होतं. एका खुर्चीत सर्जेराव, गावचे मोठे जमीनदार, आमची सोसायटी त्यांनीच बांधलेली. दुसऱ्या खुर्चीत वकील मंदाकिनीताई, कडक इस्त्रीची साडी, शुद्ध बोलणं. मध्ये पाटावर मच्छिंद्रबाबा, आशीर्वादापुरता.

मी माईक घेतला. "पहिला प्रश्न पाण्याचा. हे झऱ्याचं पाणी येतं कुठून?"

"आईच्या कृपेनं," सर्जेराव म्हणाले. टाळ्या.

"हा श्रद्धेचा विषय आहे. आपण रस्त्यांबद्दल बोलू या," मंदाकिनीताई म्हणाल्या.

"मी पाण्याबद्दलच बोलणार." मी पिशवीतून तीन पुड्या काढल्या. "हिरवा, निळा, जांभळा. बाबा, आज आई कोणता रंग देणार, आधी सांगा."

"आईची परीक्षा घेतीस?"

"घेते. तीस वर्षं तेच केलंय."

लोक बाबाकडे बघायला लागले. "सांगा की, बाबा," मागून कोणीतरी म्हणालं. बाबा घुटमळला आणि पुटपुटला, "लाल. कुंकवाचाच."

"बजरंग, ये वर. या तिन्हीतली तुला हवी ती पुडी उचल. गावातली दोन जाणती माणसं बरोबर घे. ही माझ्या घराची किल्ली. तुझ्या हातानं माझ्या संडासात ओत, वरून तीन बादल्या पाणी टाक आणि परत ये. तोवर ही सभा चालू राहील, कोणी जागचं हलणार नाही. पाणी लाल आलं तर मी सगळ्यांसमोर बाबांच्या पायावर डोकं ठेवीन."

बजरंगनं न बघता एक पुडी उचलली. निळी निघाली.

पुढचा पाऊण तास प्रभागाच्या प्रश्नांवर चर्चा झाली. सर्जेराव पथदिव्यांवर बोलले, मंदाकिनीताई कचऱ्यावर. दोघांनी 'जाखाई तीर्थक्षेत्र विकास' करायचं वचन दिलं, एकानं घाट बांधायचं, दुसरीनं भक्तनिवासाचं. कोणी ऐकत नव्हतं. बजरंग येऊन झऱ्याशी उकिडवा बसला होता, बोटं निळी झालेली, आणि सगळं गाव त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतं.

आधी पाण्यात एक निळी रेघ आली. मग सगळं पाणी निळं झालं, शाळेच्या दौतीत असायचं तसं.

बाबानं तरीही एक प्रयत्न केलाच. "निळकंठ! म्हादेवानं इख..."

"गप!" बजरंग ओरडला. "म्या वतलाय! ह्या हातानं! बाईंच्या संडासात!" आणि त्यानं बाबाची गचांडी धरली.

मग सगळं बाहेर पडलं. मच्छिंद्र गेल्या वर्षापर्यंत सर्जेरावांकडे जेसीबी चालवायचा. सोसायटीच्या मैल्याचा पाइप मोठ्या गटारापर्यंत न्यायचा होता. सर्जेरावांनी तो देवळामागच्या जुन्या चरातच सोडून वर माती लोटायला सांगितली. खड्डा मच्छिंद्रनंच खणला. यंत्र चालू होतं तोवर शुद्ध झालेलं पाणी सोसायटीच्या बागेतच जिरायचं, ते बंद पडलं तसा नुसता मैलाच खाली येऊ लागला. शेवटचे आठ-दहा फूट मुरमातून झिरपल्यामुळं गाळ मागं राहायचा, पाणी नितळ दिसायचं. आमच्या आंघोळीच्या वेळेला उसळायचं, आंघोळी, धुणीभांडी आटोपली की आटायचं. फेस आणि वास साबणाचा. "एक म्हातारी पाया पडली पाण्याच्या," मच्छिंद्र हुंदके देत म्हणाला, "मंग म्या कशापायी न्हाय म्हनू?"

"हा विषय आचारसंहितेत बसत नाही," असं म्हणून सर्जेराव गाडीत बसले.

मंदाकिनीताई माझ्या कानाशी आल्या. "मला शंका होतीच, मॅडम."

"मग बोलला का नाहीत?"

"रोज एवढी मतं रांगेत उभी असतात, अहो."

मला त्या क्षणी सर्जेरावांपेक्षा त्यांचा जास्त संताप आला. अडाण्यानं फसणं समजतं. शहाण्यानं गप्प बसणं मला नाही समजत.

बजरंग तोवर घराकडे धावला होता. अकरावा दिवस होता. शकूला सकाळपासून ग्लानी होती, नाव विचारलं तर भलतंच सांगत होती. आम्ही तिला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळे बघितले, किती दिवस झाले विचारलं, आणि उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं. मंगळवारी दुपारी शकू गेली. बाळ आदल्या दिवशीच गेलं होतं.

पुढं पाइप गटाराला जोडला गेला, यंत्र चालू झालं, झरा कोरडा पडला. सर्जेराव निवडून आले. मला आश्चर्य वाटलं नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

तेराव्यानंतर सोजरबाई आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यातच बसल्या.

"बाई, ते तुमच्या संडासातलं पानी हुतं?"

"हो."

"त्यो तर रोज मीच धुते." त्यांनी दोन्ही तळवे पदराला पुसले. "शकू म्हनत हुती, आत्या, मला दवाखान्यात न्या. चार डाव म्हनली. म्या म्हनलं, तुला काय कळतंय गं, पोरी?"

मी त्यांच्या शेजारी बसून रडले. दुसरं काय करणार?

लोकहो, देव माना, नका मानू, तुमचा प्रश्न. पण कोणी ओंजळीत काही घातलं तर तोंडाला लावायच्या आधी विचारा, हे येतं कुठून. बाबाला विचारा, मत मागायला येणाऱ्याला विचारा, आणि टेकाडावर राहणाऱ्या माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईला तर दोनदा विचारा. घरातली आजारी पोरगी दवाखान्यात न्या म्हणाली, तर तिला न्या. त्या घरात खरं काय ते तिला एकटीला कळलं होतं.