टंग-टाइड म्हणजे लाजाळू

मी खिशात मावणाऱ्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाचा संपादक. घरात कुणी इंग्रजी शब्द उच्चारला, की त्याचा अर्थ सांगितल्याशिवाय मला घास उतरत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी भाचीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज बहिणीने माझ्याच पुढ्यात टाकला. ‘विशेष माहिती’ या रकान्यात मी ऐटीत लिहिलं: टंग-टाइड.

“म्हणजे रे काय?”

“लाजाळू. चारचौघांत बोलायला जीभ न रेटणारी.”

“पण दादा, घरात दिवसभर टकळी चालू असते तिची. शब्द तेवढे बोबडे येतात. डॉक्टरांना दाखवू का?”

“बोबडं बोलते म्हणून कुणी डॉक्टरकडे नेतं होय? भीड चेपली की येईल ताळ्यावर.”

भीड चेपायचं कामही मीच अंगावर घेतलं. दर रविवारी तिला पाहुण्यांसमोर उभं करून कविता म्हणायला लावायचो. अडखळली की म्हणायचो, “लाजतेस काय? तोंड उघड!” पाहुणे हसायचे. मीही हसायचो. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

काल शाळेत दातांची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी बहिणीला आणि मला बोलावून घेतलं आणि भाचीला जीभ बाहेर काढायला सांगितली. ती ओठापर्यंतसुद्धा पोचेना. जिभेखालच्या आखूड पडद्याने तिला खाली धरून ठेवलं होतं. मग बाईंनी तो जुना अर्ज पुढे केला.

“इथे तर अचूक लिहिलंय तुम्ही, टंग-टाइड. मग दोन वर्षं कसली वाट बघत होतात?”

बहीण माझ्याकडे वळली. “दादा, तुला माहीत होतं?”

होतं. मोठ्या कोशात पहिला अर्थ हाच आहे: जन्मतः जीभ खाली बांधलेला. लाजेने गप्प झालेला, हा त्याच्यावरूनच निघालेला दुसरा. आमचा खिशातला कोश आटोपशीर व्हावा म्हणून पहिला अर्थ मीच लाल पेनाने खोडला होता.

“वाचलं होतं,” मी म्हणालो. “हिच्याशी जोडून नाही पाहिलं.”

बहिणीने माझ्याकडे पाठ करून भाचीला जवळ घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

छोटीशी शस्त्रक्रिया, मग बोलण्याचा सराव, असं बाईंनी सांगितलं. बाहेर आल्यावर मी भाचीपुढे उकिडवा बसलो. “चुकलो गं मी.”

ती म्हणाली, “मामा, मी लाजत नाही.”

‘ल’ तिच्या तोंडात घसरलाच. पण वाक्य मला समजलं. दर रविवारी कवितेच्या आधी ती काहीतरी पुटपुटायची, ते हेच होतं.