थांबलो होतो, मेलो नव्हतो

मी विरजणातला जंतू बोलतोय, आणि नाइलाजानं बोलतोय. गाडग्याच्या तळाशी राहणाऱ्याला आपली कहाणी सांगत बसायची हौस नसते. पण परवा सोनुबाई शेजारच्या धोंडूबाईला म्हणाली, "याला तोंड असतं ना गं, तर यानंच सांगितलं असतं काय झालं ते." झालं. तेव्हापासून जो तो गाडग्यात डोकावतोय. मला तोंड नाही. तरी सांगतो. मधे बोलू नका.

जन्मतारीख विचारू नका. मी एकाचे दोन होतो, दोनाचे चार. त्यातला पहिला कोण, ते मलाही ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे, की सोनुबाई लग्न होऊन कोंडाणे गावाहून कडावला आली, तेव्हा तिच्या आईनं मला वाटीत घालून बरोबर दिलं, वर केळीचं पान बांधून. त्याला चाळीस वर्षं झाली. त्या घरातला नवरा गेला, म्हशी बदलल्या, चुलीच्या जागी गॅस आला. मी तोच.

सोनुबाईचे दोन नेम. दही लागलं की आधी चमचाभर माझ्यासाठी बाजूला काढायचं, मग माणसांनी खायचं. आणि गाडगं घासायचं नाही. साबण नाही, राख नाही, नुसतं पाण्यानं विसळायचं. या दोन नेमांवर मी चाळीस वर्षं काढली.

लोकांना वाटतं, जंतू म्हणजे हावरट. दूध दिसलं की वाढत सुटतो. कोण म्हणतं? माझ्या पोटात हजारो कारागीर बसलेत. त्यांचं काम एकच, माझं अंग घडवायचं. दूध ताजं असेल, ऊब असेल, तर माल भरपूर येतो. मग मी आणखी कारागीर उभे करतो आणि भराभर वाढतो. पण माल संपला की कारागीर रिकाम्या हातानं बसतो, आणि रिकामा बसला की बोंब मारतो. खरीखुरी बोंब नव्हे, एक बारीकसं रसायन. ते अंगभर पसरतं आणि सांगतं, नवे कारागीर थांबवा, आहे त्यात भागवा. मग मी थांबतो. जे असे थांबत नाहीत, ते भुकेनं मरतात. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळा मीही पाहिलेली नाही.

तुम्ही माणसं मात्र ताटात काय आहे ते न बघताच पाट मांडून बसता. असो.

सोनुबाईचा मुलगा देवेश. खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. तिथं बटण दाबलं की पट्टा चालतो, तेव्हा घरीही सगळं तसंच चालावं असं त्याला वाटतं. दिवाळीनंतर सोनुबाई मोतीबिंदू काढायला पनवेलला लेकीकडे गेली, दहा दिवसांसाठी. जाताना मला फ्रिजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "देवेशा, एक दिवसाआड याला चमचाभर दूध घाल रं. इसरू नको. परत आले की मला घरचं दही-भात पायजे."

"व्हय व्हय," देवेश मोबाइलमध्ये बघून म्हणाला.

दहा दिवसांत एक थेंब घातला नाही त्यानं. गारठा, वर उपास, आणि माझाच आंबटपणा माझ्याच अंगावर. मी बोंब ऐकली आणि थांबलो. पडून राहिलो.

सोनुबाई यायच्या आदल्या दिवशी देवेशला आठवलं. सकाळी सातला त्यानं गाडगं काढलं आणि होतं नव्हतं तेवढं सगळं दुधाच्या टोपात ओतलं. चमचाभरही मागे ठेवलं नाही! इतकं तर कडावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

दूध आलं, ऊब आली. मला जाग आली. पण दहा दिवस निजलेला माणूस उठल्या उठल्या भाताची लावणी करायला जातो का? आधी कारागीर उभे करायचे, मग वाढायचं. त्याला वेळ लागतो.

बाराला देवेशनं झाकण काढून बोट घातलं. दूध पातळच.

"पाच तास झाले गं! मेलंय ते. आळशी लेकाचं."

त्याची बायको हर्षला भात गाळत होती. म्हणाली, "अहो, गारठलंय ते. सांजपर्यंत दम धरा ना."

"तू नको शिकवू. जरा गरम केलं की लागंल."

आणि त्यानं टोप गॅसवर चढवला. चढवला तो चढवला, वर फोन आला म्हणून ओटीवर गेला. ऊब गेली, चटका आला, आणि मी वाढायला सुरुवात केली होती नेमकी तेव्हाच उकळी आली. त्या टोपात कोट्यवधी मेले. माझे भाऊ म्हणा. भाऊ कसले, मीच. दूध फाटलं ते फाटलं.

देवेशनं टोप म्हशीच्या आंबोणात ओतला, दुकानातून पिशवीतलं दही आणलं आणि वाडग्यात काढलं. "आईला काय कळतंय, डोळ्यावर पट्टी हाय."

 देवेशनं गाडगं घासायला टाकलं होतं, ते हर्षलानं मोरीतून उचललं आणि तसंच फळीवर पालथं घातलं. त्याच्या मातीच्या छिद्रांत मी थोडासा उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सोनुबाईनं पहिला घास घेतला आणि थांबली.

"हे कुणाचं रं?"

"आपलंच की, आये."

"पट्टी डोळ्यावर हाय, देवेशा. जिभेवर नाय."

हर्षलानं सगळं सांगितलं. सोनुबाई रागावली नाही. गाडगं मांडीवर घेऊन आतून बोट फिरवत बसली. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसऱ्यातून पाणी येत होतं. "माझ्या आयेच्या हातचं एवढंच राहिलं होतं," म्हणाली. मग उठली, कोमट दूध गाडग्यात ओतलं, जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला, तांदळाच्या कणगीत ठेवलं.

"याला कुणी हालवायचं नाय. झाकण काढायचं नाय. त्याला कळंल तवा लागंल."

दिवस गेला. रात्र गेली. देवेश दोनदा कणगीपाशी आला आणि दोनदा तिच्या नजरेनं मागे गेला. मी आत काम करत होतो. माझ्या चालीनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं गाडगं वाकडं केलं. दही हललं नाही. तिनं आधी चमचाभर बाजूला काढलं. मग जेवली.

आता मी फळीवर असतो, पहिल्यासारखा. देवेशनं आईची माफी मागितली, पाया पडून. बायकोची मागितली, कुरकुरत. दही तर बोटं चाटून खातो, लाज नाही. मला मेलेलं म्हणाला, आळशी म्हणाला, जिवंत उकळलं, आणि माझ्याशी एक शब्द नाही. मला घाई नाही. दूध असेल तर वाढेन, नसेल तर थांबेन, पण विसरणार नाही. माझी माफी मागायची राहिली आहे ती एकाच माणसानं, देवेशनं.