नमुना घेतेवेळी हजर

कारकून खिडकीची काच ओढून घेणार, तेवढ्यात मावशींनी फटीत तळहात घातला. काच हातावर येऊन अडली.

"जेवणाची सुट्टी झाली, मावशी."

"अजून वीस मिनिटं आहेत, भाऊसाहेब. घड्याळ तुमच्या डोक्यावरच आहे."

कारकुनाने मान वळवून घड्याळ बघितलं आणि काच मागे सारली. नगरपरिषदेच्या या खिडकीशी मावशींची ही पाचवी खेप. पहिल्यांदा अर्ज चुकीच्या कागदावर होता. दुसऱ्यांदा साहेब रजेवर होते. तिसऱ्यांदा कळलं की फाईल आरोग्य विभागात आहे, आणि चौथ्यांदा आरोग्य विभागाने सांगितलं की ती कधीच इकडे परत आली. नियमाने तीस दिवसांत द्यायचे कागद. आज एकेचाळिसावा दिवस. दर खेपेला अर्धी रजा जात होती, आणि दर खेपेला त्यांचा राग थोडा थोडा आटून घट्ट होत होता, दुधासारखा.

शाळेत एकवीस वर्षं त्या घंटा देत होत्या, वर्ग झाडत होत्या, पंप लावून विहिरीचं पाणी टाकीत चढवत होत्या. सगळी शाळा त्यांना मावशीच म्हणे. कुंपणापलीकडे नळांना चकचकीत मुलामा देणारा कारखाना होता. त्याचं हिरवट पाणी गटारात जाई आणि गटार विहिरीला खेटून वाही. त्यांची नात त्याच शाळेत दुसरीत होती. दोन महिने झाले, पोरीच्या तोंडात फोड येत होते, बोटांची सालं निघत होती. पाटीवर लिहिताना खडू रक्ताने लाल होई, तरी ती हात मागे घेत नसे. तिच्या वर्गात आणखी नऊ मुलांचं तेच. डॉक्टर म्हणाले, नगरपरिषद दर महिन्याला पाणी तपासते, ते अहवाल आणा. त्यात खोट दिसली तर विहीर बंद करायला मी लिहून देतो. मुख्याध्यापकांनी कानांवर हात ठेवले. मग मावशींनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला होता: तीन वर्षांचे पाण्याचे अहवाल आणि कारखान्याच्या पाहणीचे कागद.

"इतके कागद वाचून करणार काय?" कारकुनाने कपाट उघडता उघडता विचारलं. "परीक्षेला बसायचंय की काय या वयात?"

"परीक्षा तुमची आहे. मी पेपर तपासणार."

शेजारच्या मेजावरची टंकलेखिका खुदकन हसली. कारकून हसला नाही. त्याने दोरी बांधलेला गठ्ठा खिडकीतून पुढे ढकलला.

कारखान्याच्या पाहणीचा एकच कागद होता. त्यावर एकच ओळ: 'पाहणी केली, आक्षेपार्ह काही आढळले नाही.' मावशींनी तो बाजूला ठेवला. पाण्याचे कागद छत्तीस होते. त्या बोट ठेवून वाचू लागल्या. रंग नाही. वास नाही. पिण्यास योग्य. दुसरा कागद, तिसरा कागद, तेच. जणू तीन वर्षं विहिरीतलं पाणी हललंच नव्हतं.

मग त्यांचं बोट एका तारखेवर थांबलं. तो महिना मोठ्या सुट्टीचा होता. सुट्टीत विहीर दरवर्षी तळाला जाते, पंप नुसता घरघरतो, म्हणून त्या स्वतः पंपाच्या खोलीला कुलूप लावतात. किल्ली त्यांच्याच घरी असते. त्यांनी भराभर पानं उलटून मागच्या दोन वर्षांचे सुट्टीचे महिने काढले. दोन्हींत पाणी होतं. स्वच्छ, बिनवासाचं, पिण्यास योग्य.

त्यांचा आवाज अख्ख्या खोलीत ऐकू गेला. विहिरीत चिखल होता तेव्हा हे पाणी कुठल्या नळाचं भरलंत, असं त्यांनी विचारलं. पोरांची तोंडं सोलून निघताहेत आणि तुम्ही इथे बसून उंटावरून शेळ्या हाकता, असंही म्हणाल्या. टंकलेखिकेचे हात थांबले.

कारकुनाने त्यांना बोलून घेऊ दिलं. मग कागद आपल्याकडे ओढला, खाली बघितलं आणि सावकाश फिरवून त्यांच्यापुढे धरला.

"ही सही कुणाची?"

छापील ओळ होती: 'नमुना घेतेवेळी हजर, शाळेतर्फे.' त्यापुढे मोठ्या, गोल अक्षरांत त्यांचं नाव होतं.

मावशींनी पुढचा कागद उलटला. त्याच्या पुढचा. सगळ्यांवर तेच नाव, आणि वरची रेघ एका दमात ओढलेली, सरळ. दुसरीतल्या मुलांनी त्यांना तशी शिकवली होती: आधी अक्षरं, मग रेघ, मध्ये हात उचलायचा नाही. शाळा उघडली की पाणी निरीक्षक वर्षातून एकदा व्हरांड्यात येऊन बसायचा. प्यायला स्वतःची बाटली आणायचा. बारा कोरे कागद पुढे करून म्हणायचा, दर महिन्याला तुम्हाला कामातून कशाला उठवू, मावशी, एकदाच उरकून टाका. आणि त्या हात पुसून उरकून टाकत. एकेक सही निरखत, हौसेने.

कारकून पुढे झुकला. त्याचा आवाज आता मऊ होता. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, तो म्हणाला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत ना तुमच्या? गठ्ठा इथेच राहू द्या. अर्ज मागे घेतला असं दोन ओळींत लिहा, कुणाला कळायचं नाही.

खिडकीच्या काठावर ठेवलेला उजवा हात मावशींनी उचलला, उलटा केला, बघितला, आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा पुन्हा खाली आपटला.

"खरी नक्कल म्हणून शिक्का मारतात, तो कुठाय?"

"मावशी, शिक्क्याचे कागद वर गेले की पहिलं बोलावणं तुम्हाला येईल. निरीक्षक सुटेल, तुम्ही अडकाल."

"कागदावर पाणी चांगलंच आहे. मग विहीर बंद कोण करणार?" त्या म्हणाल्या. "तिथे कुणी आलंच नव्हतं, हे सांगायला माझ्याशिवाय आहे कोण?"

कारकुनाने घड्याळाकडे बघितलं. मग खण उघडून शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि पहिल्या कागदावर आपटला. मावशींनी तो ओढून घेतला, दुसरा पुढे सरकवला. सुट्टीची घंटा झाली. टंकलेखिका डबा घेऊन उठली आणि दाराशीच उभी राहिली.

सातव्या कागदावर शिक्का नेमका सहीवर पडला. निळ्या शाईखाली अर्धी अक्षरं बुडाली.

मावशींनी तो कागद परत ढकलला.

"याची दुसरी नक्कल काढा," त्या म्हणाल्या. "नाव वाचता आलं पाहिजे."