ओळखीचा आवाज

दुबईच्या खाडीजवळच्या त्या गल्लीत कुणाच्या घराची झडती निघाली, की पहिली हाक खैरुद्दीनला यायची. यात मानाचं काही नव्हतं. सुकट, सोलं आणि तांदूळ विकणारं त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं, तो दिवसभर तिथेच बसलेला सापडायचा आणि त्याला इंग्रजीत सही करता यायची. एवढ्या पात्रतेवर माणसाला पंच करतात.

साल त्रेसष्ट. शेखची माणसं शेखच्या न्यायाला बांधलेली. रत्नागिरी-कुलाब्याकडून पोट भरायला आलेली आपली माणसं मात्र इंग्रज साहेबाच्या कचेरीला. हिंदुस्तानातून साहेबाला घालवला, आणि समुद्र ओलांडून येतो तर साहेब इथे खुर्ची टाकून बसलेला! कचेरीत अजून जुन्या हिंदुस्तानी कायद्याची पद्धत चालायची. झडतीच्या वेळी मोहल्ल्यातले दोन भले गृहस्थ समोर हवेत. शिवाय घरात पाऊल टाकण्याआधी झडती घेणाऱ्यांनी स्वतःची अंगझडती घरवाल्याला द्यायची. खिसे उलटे करायचे, टोपी काढून दाखवायची, आपण बाहेरून आत काही नेत नाही हे आधी पटवायचं.

कायदा चांगलाच होता. पण चांगला कायदा आपल्या पायांनी चालत येत नाही, त्याला कुणीतरी गल्लीतून घेऊन जावं लागतं. ते काम खैरुद्दीनकडे. दुकान उघडं टाकून, दुखऱ्या गुडघ्यांनी उन्हातून जायचं, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या. कचेरीचा जमादार युसुफ कितीही घाईत असला तरी खैरुद्दीन उंबऱ्याशी आडवा उभा राहायचा आणि म्हणायचा, "पहले अंगझडती." जमादार वैतागायचा, पण खिसे उलटे करायचा.

त्या वर्षी खाडीकाठच्या भिंतींवर इंग्रजांविरुद्धची पत्रकं चिकटलेली दिसू लागली, आणि कचेरीची झोप उडाली. चहाच्या दुकानात कोण इंग्रजांना शिव्या घालणारा कैरोचा रेडिओ लावतं, कोण कुणाच्या कानाशी लागतं, याच्या बातम्या साहेबाला पोचू लागल्या. चहा पिताना लोक हवापाण्यावर बोलू लागले, आणि इथल्या हवेबद्दल किती बोलणार? ती कायम गरमच. पूर्वी वर्षाकाठी दोन-तीन झडत्या व्हायच्या, त्या आता आठवड्याला होऊ लागल्या. लोकांच्या पेट्या, लोकांची अंथरुणं, लोकांचे पिठाचे डबे बघून बघून खैरुद्दीन विटून गेला होता. दुसऱ्याच्या घरातलं सगळं दिसलं, की त्या माणसाला सलाम करतानाही ओशाळं वाटतं.

तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज होऊन थोडा वेळ झाला असेल. जमादार आला आणि म्हणाला, "चलो चचा. रफिक मुकादम का घर."

खैरुद्दीन जागचा हलला नाही. रफिक जहाजावरून माल उतरवून घेणाऱ्या कंपनीत कारकून होता. सरळ पोरगा, जरा बडबड्या. त्याची बायको झुबेदा खैरुद्दीनच्याच गावची. तिच्या निकाहाला त्याने पंक्तीत उभं राहून वाढलं होतं.

"क्या किया उसने?"

"चायखाने में बहुत बोलता है. साहब का ऑर्डर है. यल्ला, चलो."

दुसरा पंच म्हणून शेजारचा अलीमियाँ शिंपी गळ्यातली टेप तशीच घेऊन निघाला. नवा, तरुण साहेब गल्लीच्या तोंडाशी जीपमध्ये बसून राहिला. गल्लीतली सगळी दारं हळूहळू लागली.

रफिकचं दार बंदच होतं. जमादाराने कडी वाजवली. आतून झुबेदा म्हणाली, "घरात मरद नाही. ते कामावरून आल्यावर या."

"सरकारी काम है. दरवाजा खोलो."

"ते आल्यावर या."

जमादाराने पुन्हा पुन्हा कडी वाजवली, दरडावलं. कडी निघाली नाही. बाई घरात एकटी असताना दार फोडलं असतं, तर सगळा मोहल्ला पेटला असता, आणि जमादाराला ते ठाऊक होतं. तो मागे वळला. "चचा, आप बोलो. आप की बात सुनेगी."

खैरुद्दीनला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं आपण आहोत. तो दाराजवळ गेला. "झुबेदा, मी खैरुद्दीन. उघड बाय. मी आहे इथे."

कडी निघाली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून झुबेदा बाजूला सरकली. खैरुद्दीन नेहमीसारखा उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "आधी यांची अंगझडती घे."

म्हणाला खरा, आणि मग त्याच्याच लक्षात आलं. परक्या पुरुषाच्या खिशात ही बाई हात कशी घालणार? आजवर हे काम घरातले पुरुष करायचे. झुबेदा भिंतीला लागून उभी होती. ती हळूच म्हणाली, "राहू द्या चाचा. तुम्ही आहात ना? मग कशाला?"

तिच्या वतीने मी घेतो, असं त्याला म्हणता आलं असतं. रफिक येईपर्यंत थांबू, असंही म्हणता आलं असतं. पण गुडघे ठणकत होते, जीपचा हॉर्न वाजत होता, दुकान उघडं पडलं होतं आणि या महिन्यातली ही कितवी झडती ते त्यालाही आठवत नव्हतं. तो बाजूला झाला. माणूस दुष्टपणाने चुकतो त्याहून जास्त वेळा थकून चुकतो, आणि निस्तरणं मात्र दोन्हीकडे सारखंच.

जमादार आणि त्याचा शिपाई कामाला लागले. भांडी, अंथरूण, रफिकच्या कपड्यांची वळकटी. मग त्यांनी झुबेदाची पेटी उघडली. वर तिचे ठेवणीतले कपडे, ओढण्या, आणि खाली आतले कपडे. जमादार एक एक कपडा उचलून झटकू लागला. झुबेदाने ओंजळीत तोंड लपवलं.

खैरुद्दीनने भिंतीकडे तोंड फिरवलं. अलीमियाँनेही फिरवलं. दोन भले गृहस्थ, कायद्याने बघायला आणलेले, चुन्याची भिंत बघत उभे राहिले. दुसरं काय करणार होते? गावच्या लेकीचे कपडे डोळे लावून बघत राहायचे?

"चचा, ये देखो," जमादार म्हणाला.

ते वळले, तेव्हा त्याच्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. म्हणाला, पेटीच्या तळाशी मिळाला. झुबेदाने मान उचलली. "हे आमचं नाही," ती म्हणाली. मग खैरुद्दीनकडे बघून म्हणाली, "चाचा, तुम्ही बघितलंत ना?"

त्याने काही बघितलं नव्हतं.

जीपच्या बॉनेटवर पंचनामा झाला. साहेब वाईट नव्हता. त्याने प्रत्येक ओळ हिंदीत करून विचारली. झडती तुमच्या समोर झाली? खैरुद्दीन म्हणाला, खोलीत होतो, पण पेटी बघत असताना माझं तोंड भिंतीकडे होतं. "क्यों?" साहेबाने विचारलं. "शरम के मारे," खैरुद्दीन म्हणाला. साहेबाने थोडा विचार करून लिहिलं, पंच खोलीत हजर होते. मग विचारलं, अंगझडती देऊ केली होती?

"जी."

"घरवाली ने मना किया?"

"जी. लेकिन साहब, वो औरत है..."

"मना किया या नहीं?"

"किया."

तेही लिहिलं गेलं. खैरुद्दीनने सही केली, अलीमियाँने अंगठा दिला. कागदात एक शब्दही खोटा नव्हता. गठ्ठा रफिकचा होता की जमादाराच्या खिशातला, हे त्या कागदावरून कुणालाच कळणार नव्हतं. खैरुद्दीनलाही कळलं नाही, आणि तेच त्याला आतून खात राहिलं.

मुकदमा चालवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. रफिकचा तिथे राहायचा परवाना रद्द झाला, नोकरी खलास, आणि मुंबईच्या पुढच्या बोटीने नवरा-बायकोला जायचा हुकूम निघाला. निरोप द्यायला गल्लीतलं कुणी फिरकलं नाही. आज धक्क्यावर दिसलेला माणूस उद्या साहेबाला पोचणाऱ्या बातमीत असायचा. खैरुद्दीन एकटा गेला. बोट बाहेर समुद्रात उभी होती, तिच्यापर्यंत नेणारी लाँच भरत होती.

रफिकने त्याचा हात हातात घेतला. "चाचा, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काही खोटं लिहून दिलं नाहीत."

खैरुद्दीनला रडू आलं. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

झुबेदा लाँचमध्ये पाय ठेवता ठेवता थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "तो जमादार कितीही ओरडला असता ना चाचा, तरी मी उघडणार नव्हते. तुमचा आवाज ऐकला, म्हणून कडी काढली."

पंधरवडा गेला. एका दुपारी जमादार पुन्हा दुकानासमोर उभा राहिला. "चलो चचा. जहूर का घर."

"मी नाही येणार. दुसरा बघ."

"कायदा है चचा. मोहल्ले का शरीफ आदमी चाहिए. आप लोगों के भले के लिए ही है." तो हे चेष्टेने म्हणत नव्हता. "आप नहीं आएँगे तो कौन देखेगा?"

हे मात्र खरं होतं. खैरुद्दीनने दुकानाला पडदा लावला, चपला पायात सरकवल्या आणि त्याच्यामागून निघाला. अलीमियाँ आधीच येऊन उभा होता.

जहूर कामावर गेलेला. दार आतून बंद. जमादाराने कडी वाजवली, मग सवयीने बाजूला होऊन खैरुद्दीनला वाट करून दिली. "बोलो चचा."

खैरुद्दीन दाराजवळ गेला आणि उभा राहिला.

आतून जहूरच्या बायकोचा, कुलसुमचा घाबरलेला आवाज आला. "कोण आहे? खैरुद्दीनचाचा आहेत का बाहेर?"

त्याचे ओठ हलले. पोरगी घाबरली होती, आणि एका शब्दाने तिला धीर आला असता. जमादाराने कोपराने ढोसलं. "बोलो ना."

"चाचा, तुम्ही असाल तर उघडते," कुलसुम म्हणाली.

खैरुद्दीनने दात घट्ट दाबून धरले. चचा आज बोलणार नाही, हे जमादाराला समजलं. त्याने गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या साहेबाकडे शिपाई पाठवला. शिपाई हुकूम घेऊन परत आला, आणि दोघांनी दाराला खांदे लावले. दार भक्कम होतं, फुटायला वेळ लागला. तेवढ्या वेळात गल्लीतली बंद दारं एक एक करून उघडली, आणि माणसं बाहेर येऊन बघू लागली.