कोपराची साक्ष

पहाटे समुद्र आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. या दोन्हींच्या मधला जो वेळ, तो चिमाचा जपाचा.

धक्क्याच्या टोकाला एक लाकडी खोली होती. खोली कसली, खोकंच. समुद्राच्या बाजूला लांबट, बुटकी खिडकी, तिच्यासमोर तिपाईवर बसवलेली दुर्बीण आणि दोघांपुरतं एक बाक. हिवाळा लागला की चिमा आणि तिचा दादा रोज इथे येऊन बसत. थंडीला कंटाळून उत्तरेकडून खाली सरकणारे समुद्रपक्षी या टोकाजवळून जात, ते बघायचे आणि पक्षिनिरीक्षण केंद्रात कळवायचे, एवढंच काम. पैसे मिळत नव्हते. मिळत होती ती किल्ली. आणि फेरीबोटीचं सुकाणू सोडून घरी बसलेल्या दादाला ती किल्ली खिशात वाजली की बरं वाटायचं.

बाकावरच्या उशा चिमाच्या हातच्या. जन्मभर तिने होड्यांवर घालायच्या ताडपत्र्या शिवल्या होत्या, त्यामुळे तिने शिवलेली उशीसुद्धा वादळाला पुरून उरेल अशी असायची.

"हिच्यावर बसलं की वाटतं, आता आपल्यालाही कोणीतरी दोरीने बांधून ठेवणार," दादा म्हणायचा.

चिमा हसायची, पण बोलायची नाही. सूर्य पाण्याबाहेर येईपर्यंत तिचं मौन असे. आई गेल्यापासून धरलेलं व्रत होतं ते. शालीच्या आत माळ फिरत असायची, ओठ हलत नसायचे, आणि नजर मात्र खिडकीबाहेर. देवाने दाखवलेलं बघायचं आणि देवाचंच नाव घ्यायचं, यात तिला काही अडचण वाटत नव्हती. देवालाही वाटत नसावी.

केंद्राचा नियम साधा होता. पक्षी एकाने सांगायचा आणि दुसऱ्याने तो स्वतः पाहिला असेल तरच हो म्हणायचं. दोघांनी पाहिला तर तो पक्षी खरा, नाहीतर सोडून द्यायचा. चिमाच्या मौनाची अडचण दोघांनी फार पूर्वीच सोडवली होती. दिसला तर तिने डाव्या हाताचं बोट वर करायचं. उजवा हात माळेचा.

त्या हिवाळ्यात थंडी जरा जास्तच होती. दोघं एकच मोठी शाल पांघरून अगदी खेटून बसायची. काचेवर श्वासाची वाफ धरायची आणि दादा सारखा बाहीने काच पुसायचा. बाहेर राखी पाणी, त्याच्यावर राखी आभाळ, मधली रेघ कुठे आहे तेही कळू नये असं. कधी त्या राखेतून पाच-सहा काळी बदकं पाण्याला चिकटून निघून जायची. कधी एखादा मोठा पांढरा पक्षी, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी, वरून सुईसारखा पाण्यात शिरायचा आणि पाणी पुन्हा शिवल्यासारखं मिटायचं. चिमाला कधीकधी कळायचं नाही की आपण बघतोय की अजून अंथरुणातच आहोत.

"पाणकावळे, दोन," दादा दुर्बिणीतून म्हणायचा. मग थोडा थांबायचा. "ठीक."

आणि ज्या दिवशी तो कुजबुजत म्हणायचा, "एकांडा," त्या दिवशी त्याचा आवाज लहान मुलासारखा व्हायचा. एकांडा हे त्यांनीच ठेवलेलं नाव. भाल्यासारख्या चोचीचा तो पक्षी दूरवरून एकटाच येतो, पाण्यात इतका खोल बसतो की दोन लाटांच्या मध्येच काय तो दिसतो. दिसला तर वर्ष चांगलं गेलं असं दादा मानायचा. यंदा तो दादाला पुष्कळदा दिसत होता. चिमाला एकदाही दिसला नव्हता. तिने बोट वर केलं नव्हतं, म्हणजे दादाने तो सोडून दिला असणार, असं ती धरून चालली होती. घरी पोचल्यावर केंद्राला फोन करायचं काम दादाचं. तेव्हा ती देवापाशी बसलेली असायची.

एका दुपारी फोन वाजला तेव्हा दादा अंघोळीला गेला होता. केंद्रातल्या बाई बोलत होत्या.

"ताई, एक विचारू? रागावू नका हं. तुमच्याकडून जो पक्षी खाली जातो तो पुढच्या टोकावर दिसायला हवा ना. यंदा तुमचे एकांडे तिकडे कोणालाच सापडत नाहीयेत. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच डुलक्या काढत असाल. चिमाताईंनी हो म्हटलंय म्हणजे मी डोळे मिटून लिहिते."

"मी हो म्हटलंय?"

"दादा तसंच सांगतात. दोघांनी पाहिला म्हणून." बाई हसल्या. "रविवारी येतेच मी. मलाही दाखवा."

दादा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. चिमा फोनजवळच उभी होती.

"दादा, एकांडा तू केंद्राला सांगितलास?"

"मग? खिशात ठेवू?"

"पण मी कुठे पाहिला?"

"अगं, तूच तर हो म्हणतेस."

"कशी?"

"कशी म्हणजे? कोपराने. मी नाव घेतलं की कोपर लावतेस ना."

चिमाला क्षणभर हसूच आलं. शालीच्या आत माळेचा मणी ओढला की तिचं कोपर दादाच्या बरगडीला लागायचं. दर मण्याला. दादाने समुद्रात हत्ती दिसला म्हणून सांगितलं असतं तरी लागलं असतं.

मग तिचं हसू थांबलं.

"दादा, माझं तर बोट ठरलंय. बोट वर करायचं."

दादाने टॉवेल खांद्यावर टाकला. तो तिच्याकडे बघत होता, पण नजर तिच्या कानाशेजारी, भिंतीवर टेकलेली होती. असा तो हल्ली नेहमीच बघायचा. तिला वाटायचं, वयाबरोबर माणूस जरा तिरका होतो, झालं.

"थंडीत बोट कोण बघत बसतंय," तो म्हणाला आणि आत गेला.

त्या संध्याकाळी चिमाचा जप पुढे सरकेना. दादाला नीट दिसत नव्हतं, हे एक. ते त्याला माहीत होतं की नाही, हे दुसरं. आणि तिसरं सगळ्यांत जड होतं. तिने न पाहिलेल्या पक्ष्यांवर तिची साक्ष लागली होती. जन्मात कोणाला बोटभर कापड कमी दिलं नव्हतं तिने. खरं सांगावं तर दादाच्या खिशातली किल्ली जाणार. न सांगावं तर माळ कोणत्या तोंडाने ओढायची?

दुसऱ्या दिवशी तिने माळ डाव्या हातात घेतली आणि उजवं कोपर अंगाशी घट्ट धरून बसली. अंधार विरत होता. पाणी दुधासारखं पांढुरकं होतं.

"एकांडा," दादा कुजबुजला. "खुणेच्या पिंपाच्या अलीकडे. बसलाय बघ कसा."

तो थांबला. कोपराची वाट बघत थांबला, हे आता तिला कळत होतं. तिने पुढे वाकून पाहिलं. होड्यांना वाट कळावी म्हणून नांगरलेलं खुणेचं पिंप होतंच. तेवढंच होतं. लाट आली की त्याची काळी पाठ दिसायची, लाट गेली की बुडायची.

गप्प राहणं सोपं होतं. मौनच होतं तिचं. आज व्रताच्या आड लपता आलं असतं, आणि देवानेही कदाचित काही म्हटलं नसतं. पण दादाने शालीखाली तिचा हात दाबला. आनंदाने.

"नाही, दादा," ती म्हणाली.

किती वर्षांत तिचा आवाज त्या वेळेला कोणी ऐकला नव्हता. तिचा तिलाच परका वाटला.

दादाने दुर्बिणीवरून डोळा काढला. "मौन मोडलंस?"

"मोडलं."

"एका पक्ष्यापायी?"

"पक्षी असता तर मोडलं नसतं. ते पिंप आहे रे."

"नीट बघ."

"नीटच बघितलं."

दादाने बाहीने काच पुसली. काच स्वच्छच होती. त्याने पुन्हा पुसली. मग बाही खाली आली. सूर्य वर आला, कुरवांचा एक थवा ओरडत डोक्यावरून गेला, पण दादाने काही सांगितलं नाही आणि तिनेही नाही. तिने मनातल्या मनात देवाला एवढंच म्हटलं, की आज जरा घोटाळा झालाय, राहिलेली माळ घरी पुरी करते.

घरी चहा झाल्यावर तो बोलला. "मधोमध डाग दिसतो. चेहऱ्याकडे बघितलं की चेहरा जातो, बाजूचं सगळं राहतं. मला वाटलं, काचच खराब आहे."

"मला सांगायचं नाही होय?"

"तू लगेच डॉक्टरकडे नेलं असतंस."

"मग काय न्हाव्याकडे नेणार होते?"

दादा हसला नाही. "हे बघ चिमे, रविवारी बाई येतील. आपण काही बोलायचं नाही. यापुढे तू बोट नको, सरळ चिमटा काढ. तुला दिसेल तेच सांगू. कोणाचं काय जातंय?"

"आणि जे आधी सांगितलं ते?"

"ते गेलं पाण्यात."

"त्यात माझा शब्द आहे, दादा."

"तुझा शब्द, तुझा देव, तुझं व्रत!" तो उठला तो खुर्ची मागे ढकलून. "माझं काय आहे गं? सकाळी उठून जायला एक जागा आहे. तेवढीसुद्धा देऊन टाकू?"

चिमाने कपबशा विसळल्या. मग हात पुसत त्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाली, "मी तुला सांगायला लावणार नाही. पण बाईंनी मला विचारलं तर खोटं बोलता यायचं नाही मला. आधीच सांगून ठेवते."

रविवारपर्यंत दोघं मिठापुरतं आणि साखरेपुरतं बोलली. धक्क्यावर रोज गेली मात्र. चिमटे निघाले, पण थोडेच, कारण दादा नावं घ्यायलाच बिचकत होता.

रविवारी समुद्रच नव्हता. इतकं धुकं, की बाई धक्क्यावरून चालत आल्या तेव्हा आधी त्यांच्या बुटांचा आवाज आला आणि बऱ्याच वेळाने त्या आल्या. बाकावर तिघं दाटीने बसली. खिडकीबाहेर नुसता पांढरा पडदा. पाण्याचा आवाज खाली कुठेतरी, दुसऱ्याच घरातून यावा तसा येत होता. चिमाची माळ चालली होती. बाईंनी थर्मासमधला चहा ओतला, दुर्बिणीला डोळा लावून पाहिला आणि हसून मागे झाल्या.

"काहीच नाही हो. आज काय दाखवणार तुम्ही मला?"

दादाने कप हातात फिरवला. चिमाचा मणी बोटांतच थांबला.

"बाई," तो म्हणाला, "आज तुम्हा दोघींनाही माझ्याइतकंच दिसतंय. तेव्हा आत्ताच सांगून टाकतो, मला सोपं जाईल."

आणि त्याने सांगितलं. डाग सांगितला, पिंप सांगितलं. कोपराचं सांगताना मात्र बाईंना चहाचा ठसका लागला, हसावं की नाही या विचारात त्या पडल्या, आणि दादाच म्हणाला, "हसा, हसा. माझे निम्मे पक्षी हिच्या देवाच्या नावाने उडालेत."

चिमाचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत. धुक्यात कोणाला दिसतंय?

"यंदाचं पहाटेचं सगळं मला काढून टाकावं लागेल," बाई हळूच म्हणाल्या.

"काढा."

"आणि दादा, साक्षीला दोन डोळस माणसं लागतात. नियम माझा नाही."

"माहीत आहे." त्याने खिशातून किल्ली काढली आणि बाकावर ठेवली. "दुर्बिणीला ही बसेल. हिची नजर चांगली आहे, ताडपत्रीचं भोक दहा हातांवरून शोधते. साक्षीला तुम्ही कोणी बघा."

"जोडीला कोणी मिळेपर्यंत मीच येईन, जमेल त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "बाकीचे दिवस हे टोक रिकामं राहील."

धुकं विरळ झालं तेव्हा सूर्य बराच वर आला होता. आधी धक्क्याचे दगड दिसले, मग पाणी, मग पाण्यावरची लकाकी. चिमाने माळ डोळ्यांना लावून पिशवीत ठेवली. दादा आपल्या जागेवरून उठला. ती सरकून तिथे बसली, दुर्बिणीकडे वाकली आणि तिची हनुवटी जेमतेम पोचली.

"थांब, पडशील." दादाने आपली उशी तिच्या उशीवर ठेवली, चाचपून नीट सरळ केली. "आता बस. आणि जे येईल ते सांगायचं. विचार करत बसू नकोस, पक्षी तुझ्यासाठी थांबत नाही."

चिमाने डोळा लावला. सगळा समुद्र एका लहानशा गोलात आला आणि डुचमळायला लागला. तिला गरगरलं. मग त्या गोलातून काहीतरी पांढरं गेलं.

"कुरव," ती म्हणाली. "एक."

"हो, पाहिला," बाई म्हणाल्या.

"वा!" दादा म्हणाला. "गावातल्या कचऱ्याच्या डब्यावर बसतो तोच. मोठाच शोध लावलास."

"तुझ्या पिंपापेक्षा बरा," चिमा म्हणाली.

तो हसला. मोकळा हसला, पण हसू संपल्यावर त्याला तिथे उभं राहवेना. कानटोपी खाली ओढून तो बाहेर वाऱ्यात गेला आणि खोलीच्या भिंतीला पाठ टेकून, मान जरा तिरपी करून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

खिडकी वरच्या बाजूला बोटभर उघडी होती. चिमा दुर्बिणीवरून डोळा न काढता, नेहमीपेक्षा बरीच मोठ्याने सांगू लागली.

"काळी बदकं. सात... नाही, आठ. पाण्याला लागून. दक्षिणेकडे चाललीत."